बातम्या, साडी आणि कोट : पोशाखातल्या दुजाभावाचा एक मराठी इतिहास

विषयाकडे वळण्यापूर्वी कालची एक गोष्ट सांगतो. या मालिकेतली व्याख्यानं चित्रित होतात आणि नंतर नेटवर जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. आत्ता ज्या ताईंनी माझी ओळख करून दिली, त्यांना काल संयोजकांचा फोन गेला होता : ‘कॅमेरा आहे, तेव्हा साडी नेसून आलात तर बरं दिसेल.’ मला असा फोन आला नाही. मी जो शर्ट घालून आलो आहे, तो माझ्या निवृत्तीच्या वेळचा आहे. त्याची कॉलर एकदा उलटवून घेतलेली आहे. घरातून निघताना आमच्या हिनं तो पाहिला आणि म्हणाली, “जा तसेच. तुम्हाला कोण बघतंय!”

संयोजकांचा हेतू वाईट नव्हता, आणि ही गोष्ट सांगायला ताईंची परवानगी घेतली आहे. पण आजचा सगळा विषय त्या एका फोनमध्ये आहे. कॅमेऱ्यासमोर दोन माणसं येणार. एकाच्या कपड्यांचा विचार कुणाच्या मनातही येत नाही आणि दुसरीच्या कपड्यांचा विचार न करणं कुणाला जमत नाही. हे कधीपासून झालं आणि कसं झालं, ते पाहायचं आहे.

२०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रात लागोपाठ दोन प्रसंग घडले. नोव्हेंबरमध्ये मंत्रालयात एका मराठी वृत्तवाहिनीच्या महिला पत्रकारानं संभाजी भिडे यांना प्रश्न विचारला. आधी टिकली लाव, मग बोलतो, असं उत्तर तिला मिळालं. प्रत्येक स्त्री भारतमातेचं रूप आहे आणि भारतमाता विधवा नाही, हे त्यामागचं कारण सांगण्यात आलं. राज्य महिला आयोगानं त्यांना नोटीस पाठवली. पुढच्याच महिन्यात राज्यातल्या एका महिला खासदारांची चित्रफीत सगळीकडे फिरली. मराठी वाहिन्यांवरच्या मुली साडी का नेसत नाहीत, शर्ट-ट्राउझर का घालतात, असा त्यांचा प्रश्न होता. मोठ्या संभाषणातला तेवढाच तुकडा कापून पसरवला, असा खुलासा नंतर त्यांनी केला.

दोन्ही वेळा लोक रागावले, पण बरेचसे आपापल्या पक्षाप्रमाणे रागावले. त्यात मला फारसा रस नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. मंत्रालयात बूम घेऊन धावणारे पुरुष पत्रकार आपण रोज बघतो. जीन्स, टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोकं उघडं. आता हे उघडं डोकं जरा लक्षात ठेवा. माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, सदाशिव पेठेतले म्हातारे पुरुष टोपी किंवा पगडी घातल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. पुरुषानं बोडक्या डोक्यानं बाहेर पडणं अशुभ मानलं जाई, ती सुतकाची खूण होती. ‘बोडका’ हा शब्द पुरुषाला लागे आणि ‘बोडकी’ हा केशवपन केलेल्या विधवेला. म्हणजे अशुभाची खूण दोघांच्याही डोक्यावर होती. पुरुषाची खूण दोन पिढ्यांत कुणाला न कळत पुसली गेली. पगडी गेली, टोपी गेली, कपाळावरचं गंध गेलं. कुणी नोटीस काढली नाही, कुणी ‘आधी टोपी घाल, मग बोलतो’ असं म्हणालं नाही. बाईच्या कपाळाचा प्रश्न मात्र २०२२ साली कॅमेऱ्यासमोर उभा होता.

आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे थोडं तर्कशास्त्र सहन करावं लागेल. आपल्या नैयायिकांनी ‘लक्षण’ म्हणजे व्याख्या तपासायच्या तीन कसोट्या सांगितल्या आहेत. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी असं म्हटलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका अखंड खुराचा प्राणी म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

आता ‘मराठी संस्कृतीला शोभेल असा पोशाख’ याचं लक्षण करून बघा. आपले पूर्वज घालत तो पोशाख, असं म्हटलं तर सुटाबुटातला प्रत्येक निवेदक बाहेर जातो. त्याला धोतर, उपरणं आणि पगडी आणून द्यावी लागेल. आजची सभ्य मराठी माणसं कामावर जाताना घालतात तो, असं म्हटलं तर ट्राउझर घातलेली निवेदिका आपोआप आत येते, कारण बँकेत, कोर्टात, कंपनीत मराठी मुली ट्राउझर घालूनच जातात. म्हणजे त्याला कोट चालेल आणि तिला साडीच हवी, हे दोन्ही निष्कर्ष एका व्याख्येतून निघतच नाहीत. त्यासाठी दोन व्याख्या लागतात : तिच्यासाठी ‘पूर्वजांचा’ आणि त्याच्यासाठी ‘आजचा’. काळाचीच अशी वाटणी झाली. भूतकाळ तिच्या वाट्याला आला आणि वर्तमानकाळ त्याच्या.

हे काही मी शोधून काढलेलं नाही बरं का. हे १८८२ साली पुण्यात छापून झालेलं आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ इथल्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्याचं. पण ताराबाई त्या खटल्यापाशी थांबल्या नाहीत. स्त्रीला धर्म शिकवणाऱ्या पुरुषांकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, अगदी अंगावरच्या कपड्यांपासून. साहेबाची नोकरी, साहेबाची चाल, साहेबाचा पेहराव सगळं उचलायचं आणि धर्म बुडाल्याचा ठपका घरातल्या बाईवर ठेवायचा, हा त्यांचा टोला होता. पुस्तकावर गदारोळ झाला. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. नव्वद वर्षांहून अधिक काळ ते बाजूला पडलं होतं, हेही या इतिहासातच धरायला हवं.

त्याच सुमाराचं दुसरं उदाहरण आनंदीबाई जोशींचं. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरला भाषण केलं आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, अशी हमी दिली. पोशाख आणि आहार बदलणार नाही, हेही त्यात आलं. आता गंमत बघा. महाराष्ट्रीय पद्धतीच्या लुगड्यात पोटऱ्या दिसतात आणि तिकडच्या लोकांना ते सभ्य वाटणार नाही, म्हणून त्यांना गुजराती पद्धतीची साडी स्वीकारावी लागली. म्हणजे इकडच्यांना साडी सोडलेली चालणार नव्हती आणि तिकडच्यांना ती तशी नेसलेली चालणार नव्हती. अठरा वर्षांच्या मुलीनं दोन खंडांचं समाधान एका वस्त्रात करायचं. १८८५ च्या ऑक्टोबरमधलं फिलाडेल्फियाचं ते प्रसिद्ध छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. मला ते छायाचित्र फार आवडतं. पण विलायतेहून बॅरिस्टर किंवा डॉक्टर होऊन आलेल्या आपल्या पुरुषांची छायाचित्रं शेजारी ठेवली की मन खट्टू होतं. ते सगळे सुटात आहेत, आणि जाण्यापूर्वी कपड्यांची हमी द्या, असं त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं.

आगरकरांचं नाव इथं घ्यायलाच हवं. स्त्रियांनी जाकीट घातलंच पाहिजे, असं बजावणारा त्यांचा एक निबंध आहे. आज तो वाचताना आपल्याला थोडं हसू येतं. आणि खरं सांगायचं तर, इथंही बायकांनी काय घालावं ते एक पुरुषच सांगतो आहे. पण आगरकरांची कसोटी सोय, आरोग्य आणि हालचाल ही होती. काळाबरोबर बदलण्याचा जो हक्क पुरुष बिनबोभाट वापरतात, तो स्त्रियांनाही असावा, असं म्हणणारे त्या काळच्या पुण्यात मोजकेच होते.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमची आजी शेवटपर्यंत नऊवारी नेसली. आईनं लग्नानंतर पाचवारी, म्हणजे त्या वेळच्या भाषेत गोल पातळ, नेसायला सुरुवात केली, तेव्हा आजीनं चार दिवस तिच्याशी अबोला धरला. काष्टा नसलेलं, म्हणजे विकच्छ नेसणं सोवळ्यातल्या घरांना धर्मबाह्य वाटे. त्यावर वाद झडलेले आहेत. त्याच वर्षी वडिलांनी धोतर सोडलं आणि पँट घालून कचेरीत जायला लागले. आजी त्यांना म्हणाली, “सायकलीवर बरं पडत असेल.” मुलाच्या बाबतीत तिला सायकल दिसली. सुनेच्या बाबतीत धर्म दिसला. आणि जी पाचवारी तेव्हा बंडखोरी होती, तीच आज ‘आपली परंपरा’ म्हणून निवेदिकेपुढे ठेवली जाते.

बरं, ही परंपरा घडवली कुणी? इथं मला बालगंधर्व आठवतात. ‘मानापमान’ १९११ चं, ‘स्वयंवर’ १९१६ चं. नारायणराव राजहंस भामिनी आणि रुक्मिणी होऊन रंगमंचावर येत. त्यांचं नेसणं, केसांतली फुलं, दागिने, हे सगळं घरंदाज बायका बघत आणि घरी जाऊन तसंच करत. कुलीन स्त्री कशी दिसावी, याचा वस्तुपाठ एका पुरुषानं दिला, कारण कुलीन स्त्रीला स्वतः रंगमंचावर यायला बंदी होती. मी हे त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही, मी त्यांच्या रेकॉर्डांवर वाढलेला माणूस आहे. पण आज दिवाळीच्या विशेष कार्यक्रमात शालू, गजरा, नथ अशा थाटातली निवेदिका दिसते तेव्हा तिच्यामागे मला पेशवाई दिसत नाही, गंधर्व नाटक मंडळी दिसते.

या सगळ्यात एक प्रसंग मात्र वेगळा आहे. डिसेंबर १९२७, महाड. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह परिषदेला आलेल्या स्त्रियांपुढे भाषण केलं. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ते टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. स्त्रियांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलल्याची नोंद आहे. सांगणारा स्वतः सुटाबुटात होता, आणि तो सूट ही शौकाची गोष्ट नव्हती. बदलण्याचा जो हक्क त्यांनी स्वतः घेतला, तोच समोरच्या बायकांनाही घ्यायला सांगितला. जिच्यावर आखूड लुगडं लादलेलं होतं, तिच्यासाठी पूर्ण अंगभर नेसलेली साडी ही मुक्ती होती. त्यामुळे साडी म्हणजे जुलूम आणि पँट म्हणजे स्वातंत्र्य, असलं सोपं समीकरण मी मांडत नाही. कपडा कोणता हा प्रश्नच नाही. तो बदलायची मुभा कुणाला आहे, हा प्रश्न आहे.

आता दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यात चित्र दिसायला लागलं. आमच्या वाड्यात एकच संच होता आणि बातम्यांना वीस माणसं जमत. चित्र कृष्णधवल. रंग आला १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी. तरीसुद्धा निवेदिकेची साडी कोणत्या रंगाची असेल, यावर बायकाच काय, पुरुषही तावातावानं वाद घालत. निवेदकाच्या शर्टाच्या रंगावर वाद झाल्याचं मला आठवत नाही.

मराठी बातम्या वाचणाऱ्यांत एक मुलगी होती, पुण्यात जन्मलेली, इथल्याच रेणुका स्वरूप शाळेत शिकलेली. स्मिता पाटील. तिची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली आहे : ती केंद्रावर जीन्समध्ये यायची आणि बातम्यांची वेळ झाली की त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. आपण ही गोष्ट तिच्या बिनधास्तपणाची म्हणून सांगतो. मला ती वृत्तकक्षाच्या टेबलाची गोष्ट वाटते. टेबलाच्या वर कॅमेरा, म्हणजे महाराष्ट्र. तिथं पदर हवा. टेबलाच्या खाली विशीच्या आतबाहेरची एक मुलगी, जिला नंतर बस पकडायची आहे. शेजारच्या निवेदकाला अशी दोन माणसं व्हावं लागत नव्हतं. तो घरून ज्या कपड्यांत निघाला, त्याच कपड्यांत महाराष्ट्राला सामोरा जात होता.

खाजगी वाहिन्या आल्यावर हे सैल होईल असं वाटलं होतं. बातम्यांत थोडं झालंही. कोट घातलेल्या निवेदिका दिसू लागल्या. करमणुकीत मात्र उलटं झालं. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. आदेश बांदेकर घरोघरी जात, वहिनींना पैठणी मिळे. कार्यक्रम सज्जन होता, माझ्या सासूबाई तो एकही दिवस चुकवत नसत. पण मराठी बाईचं बक्षीस म्हणजे पैठणी, हे त्यानं घराघरात पक्कं केलं.

मालिकांचं तर व्याकरणच ठरून गेलं. २०१६ साली सुरू झालेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घ्या. राधिका साडीत, मंगळसूत्र, टिकली. शनाया आखूड, आधुनिक कपड्यांत. आवाज बंद करून बघा, कोण चांगली आणि कोण वाईट ते पहिल्या मिनिटात कळतं. आता गुरुनाथकडे बघा. बायकोला फसवणारा तो आहे, कथेतला खरा अपराधी तो आहे. त्याचे कपडे? कोणत्याही ऑफिसात शोभतील असे. आवाज बंद केला तर त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. बाईचं चारित्र्य कपड्यांत लिहिलेलं असतं आणि पुरुषाचं कपड्यांमागे लपलेलं असतं, हा नियम लेखकाला, दिग्दर्शकाला, वेशभूषाकाराला आणि आपल्याला, कुणी न सांगता माहीत असतो.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला : बायकांना साडी आवडते हो. आवडते, मान्य. आपल्या सूत्रसंचालक ताईसुद्धा आज साडी नेसून आल्या आहेत आणि मघाशी मला म्हणाल्या, “सर, फोन आला नसता तरी मी हीच नेसणार होते.” माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण फोन येऊन गेल्यावर हे तपासायची सोय कुणालाच उरत नाही, त्यांनासुद्धा.

दुसरा आक्षेप : पुरुषाला तरी कुठे मोकळीक आहे? मराठी निवेदक गुलाबी झब्बा किंवा धोतर घालून बातम्या वाचेल का? हा आक्षेप मला खरा वाटतो. पुरुषाला निवड फारशी नाही. त्याला जे मिळालं आहे ते वेगळंच आहे : त्याच्याकडे कुणी बघत नाही. ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनच्या ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमात कार्ल स्टेफानोविक नावाचा निवेदक होता. सहनिवेदिका लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर प्रेक्षक सतत शेरे मारतात, हे बघून त्यानं एक साधा निळा सूट रोज घालायला सुरुवात केली. जवळजवळ वर्षभर तोच सूट. कुणाच्याही लक्षात आलं नाही. २०१४ साली त्यानं स्वतःच ते जाहीर केलं. हा प्रयोग आमच्या हिला सांगितला तर म्हणाली, “यात प्रयोग कसला? तुम्ही चाळीस वर्षं हेच करताय.”

खरंच करतोय. म्हणून शेवटी माझ्याबद्दलची एक गोष्ट. ऐंशीच्या दशकात एका महाविद्यालयात व्याख्याता निवडायचा होता आणि निवड समितीत मी होतो. आम्ही चौघे पुरुष. एक तरुण उमेदवार सलवार-कमीज घालून आली होती. तिची उत्तरं सर्वांत चांगली होती. शेवटी एका सदस्यांनी विचारलं, “वर्गात अशाच येणार का?” ती म्हणाली, “नाही सर, साडी नेसेन.” आम्ही समाधानानं माना डोलावल्या. मीही डोलावली. ‘स्त्रीपुरुषतुलना’ मी तोपर्यंत वाचलेलं होतं, नुसतं वाचलेलं नव्हे, त्यावर वर्गात बोललेलो होतो. आणि त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही.

तिची निवड झाली. ती कर्वेनगरकडून लूनावर यायची. एकदा पदर चाकात अडकून ती पडली होती, सुदैवानं थोडक्यात निभावलं. त्यानंतर ती पंजाबी ड्रेसमध्ये यायची आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवलेली साडी नेसून वर्गावर जायची, संध्याकाळी पुन्हा बदलायची. रोज दोनदा. हे मला पुष्कळ वर्षांनी, तिच्या निवृत्तीच्या समारंभात तिच्याच तोंडून कळलं. मी तिला म्हणालो, “अगं, त्या दिवशी मी काहीतरी बोलायला हवं होतं.” ती हसली आणि म्हणाली, “सर, तुम्ही त्या दिवशी बिस्किटी रंगाचा सफारी घातला होता. खांद्यावर शिवण उसवलेली होती.”

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या. मागे बसलेल्या त्या मुलीचा हात मघापासून वर आहे, तिच्यापासून सुरुवात करू.